कोणाचा रणगाडा? फायरिंग रेंजवर उरलेल्या टार्गेट्सची गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना घेतलेले श्वास आणि अडखळणं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा माझ्यासारखं कोड बिल्ड व्हायची वाट बघत बसला असाल, तर आज तुम्हाला जरा एका मोकळ्या माळावर घेऊन जातो.

माझं आजोळ नगरजवळचं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी जेवून आडवं झालं की मधूनच कुठून तरी "धुडुम्" असा आवाज यायचा. खिडकीची तावदानं थरथरायची, मांडणीवरची भांडी किणकिणायची. मी पुण्याहून आलेला पोरगा, ताडकन उठून बसायचो. मामी मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हणायची, "झोप रे, फायरिंग चालूये."

ते फायरिंग व्हायचं के. के. रेंजवर. खारे कर्जुने गावावरून के. के. भारतीय लष्कराचं रणगाडा दळणारं, घडवणारं मुख्य केंद्र, म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, नगरलाच आहे, आणि तिथल्या जवानांचा तोफेचा सराव या माळावर चालतो.

आता खरी गोष्ट. आजोबांच्या गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून एक लोखंडी तुकडा लावलेला असायचा. दोन बोटं जाड, गंजून तांबूस झालेला, आणि एका कडेला अर्धगोल खाच. ती खाच इतकी गुळगुळीत की जणू कोणी लोण्यातून बोट फिरवलंय. मला तो दोन्ही हातांनीसुद्धा उचलायचा नाही. आजोबा म्हणायचे, "रणगाड्याचा हाये तो." मी विचारायचो, "कोणाच्या?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "कोणाचा का असंना, दार धरतोय ना?"

तो "कोणाचा?" माझ्या डोक्यातून गेलाच नाही. म्हणून आजचा भाग. रेंजवर टार्गेट म्हणून उभे असलेले जुने रणगाडे येतात कुठून? त्यांच्यावर गोळे मारून कोणाला काय कळतं? आणि त्यातलाच एखादा अचानक जगातल्या शेवटच्या दोनपैकी एक कसा ठरतो?

आधी साधा प्रश्न: रणगाड्यावरच का मारायचं?

आमच्या ऑफिसात जुना सर्व्हर बंद झाला की तो लगेच कोणी फेकत नाही. टेस्टिंगला वापरतात. क्रॅश झाला तरी कोणी रडत नाही. लष्कराचंही तसंच. सेवेतून काढलेला रणगाडा चाळीस-पन्नास टनांचा असतो. तो कापायचा म्हणजे गॅस कटर, मजूर, क्रेन, ट्रेलर. त्यापेक्षा इंजिन, रेडिओ, तेल, दारूगोळा, जे काढण्यासारखं आहे ते काढून घ्यायचं आणि उरलेला सांगाडा रेंजवर नेऊन ठेवायचा.

रोजच्या नेमबाजीला कापडाची किंवा लाकडाची चौकट पुरते. पण तोफेवर बसणाऱ्या पोराला दुर्बिणीतून खरा आकार दिसला पाहिजे. झुडपाआडून फक्त बुरूज डोकावत असेल तर तो कसा ओळखायचा, अंतर किती धरायचं, हे खऱ्या रणगाड्यावरच नीट शिकता येतं. शिवाय एखादा नवा गोळा पोलाद भेदतो की नाही, हे कापडाला विचारून कसं कळणार?

याचं एक नेमकं उदाहरण देतो. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं होतं. जर्मनांचा पँथर रणगाडा समोरून फुटत नाही अशी तक्रार सतत येत होती. मग अमेरिकन सैन्यानं जुलै आणि ऑगस्टमध्ये इसिन्यी गावाजवळ पकडलेले पँथर उभे केले आणि त्यांच्यावर आपल्याच तोफा चालवल्या. ज्या नव्या ७६ मिलिमीटर तोफेवर मोठी भिस्त होती, तिचा नेहमीचा गोळा पँथरच्या पुढच्या तिरक्या पत्र्यावरून निष्फळ घसरत होता. ही गोष्ट कागदावर कितीही हिशेब करून पटली नसती. टार्गेटनं ती दाखवून दिली.

म्हणून रेंजवरच्या सांगाड्याचं प्रत्येक भोक म्हणजे एक नोंद असते. ती वाचायची कशी तेही सांगतो. कठीण धातूचा अणकुचीदार गोळा नुसत्या वेगाच्या जोरावर घुसला असेल, तर भोक गोल आणि आतून गुळगुळीत. आजोबांच्या तुकड्यासारखं. आकाराने छोटं भोक आणि भोवती वितळल्यासारखे शिंतोडे दिसले, तर तो पोकळ स्फोटकाचा गोळा. त्यात स्फोटाच्या जोरानं धातूची बारीक धार तयार होते आणि ती चिलखत फोडत जाते. आणि तिसरा प्रकार ब्रिटिशांचा लाडका: गोळा पत्र्यावर आपटून शेणाच्या गोवरीसारखा थापला जातो आणि मग फुटतो. बाहेरून भोक पडतंच असं नाही, पण आतल्या बाजूचा पोलादाचा टवका उडून आत भिरभिरतो. बाहेरून गाडी धडधाकट, आत कोणी वाचत नाही.

इथं एक धोक्याची सूचना. रेंजवरच्या गाडीवर भोकं दिसली की इंटरनेटवर लोक लगेच लिहितात, "ही युद्धात लढलेली गाडी." बऱ्याचदा तसं नसतं. युद्ध संपल्यावर तिला आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षं मारलेलं असतं. गंज दोन्ही जखमा सारख्याच झाकतो. फरक सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नोंद. मागच्या महिन्यात आमच्या टीमला एक सर्व्हर सापडला, चालू होता, पण कोणी लावला, कशासाठी, कोणालाच माहीत नाही. लॉग नव्हते. तो बंद करायचीही भीती आणि ठेवायचीही. हा "लॉग" शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्कॉटलंडच्या माळावरचं कासव

स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एक गाव आहे. त्याचं स्पेलिंग बघितलंत तर तुम्ही "किर्ककडब्राइट" म्हणाल. तिथले लोक म्हणतात "कर्कूब्री". गावाजवळ ब्रिटिश लष्कराची रेंज आहे, आणि त्या रेंजवर एक कासव बसलंय.

त्याचं नावच टॉर्टॉइज, ए-३९. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या सीमेवरची काँक्रीटची तटबंदी फोडण्यासाठी ब्रिटिशांनी हे यंत्र आखलं. वजन जवळजवळ ७९ टन. पुढचं चिलखत काही ठिकाणी २२५ मिलिमीटर, म्हणजे वीतभर जाड पोलाद. फिरता बुरूज नाही, ३२ पाउंडी तोफ थेट पुढच्या पोलादात बसवलेली. आत सात माणसं. इंजिन ६०० हॉर्सपॉवरचं, पण एवढा बोजा ओढायचा म्हटल्यावर सपाट रस्त्यावर वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास. आपल्या सिग्नलला अडकलेल्या स्कूटीपेक्षा जरा बरा.

२५ गाड्या मागवल्या होत्या. पण त्या तयार होईपर्यंत युद्धच संपलं, जर्मनी हरली १९४५ ला! शेवटी फक्त सहा बनल्या. १९४८ मध्ये चाचणीसाठी जर्मनीत नेल्या, तेव्हा कळलं की यंत्र म्हणून गाडी भरवशाची आहे, तोफ अचूक आहे, पण तिला एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड हलवण्यापेक्षा अवघड. प्रकल्प संपला.

सहापैकी एक इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे, आणि २०११ मध्ये ती पुन्हा स्वतःच्या इंजिनावर चालवली गेली. दुसरी या कर्कूब्रीच्या रेंजवर उघड्यावर, तोफ काढलेल्या अवस्थेत. बाकीच्या गेल्या.

गंमत बघा. युद्धानंतर हजारो रणगाडे वितळवून त्यांचं पोलाद झालं. त्यात काही दुर्मिळ नमुनेही गेले. रेंजवर मात्र भंगारवाला शिरू शकत नाही. दारावर पहारा, आत न फुटलेले गोळे. म्हणजे जिथं गाडी तोडायला ठेवली, तिथंच ती तोडणाऱ्यांपासून वाचली. संरक्षण मिळालं ते प्रेमापोटी नाही, कुंपणामुळे.

अमेरिकेतही असंच घडलंय. टी-२८ नावाचा ८६ टनांचा अवाढव्य रणगाडा त्यांनी दोनच बनवले. एक चाचणीत आगीनं खराब झाला आणि भंगारात गेला. दुसरा कुठं गेला कोणाला पत्ता नाही. आणि १९७४ मध्ये तो व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर या लष्करी तळाच्या मागच्या रानात उभा सापडला! विचार करा, ८६ टनांची वस्तू लष्कर विसरलं. मी चावी विसरलो तर घरी किती ऐकून घ्यावं लागतं!

अणुबॉम्बसमोर उभी केलेली गाडी

आता या भागातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं टार्गेट.

१५ ऑक्टोबर १९५३. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एमू फील्ड नावाची जागा. ब्रिटनची अणुचाचणी, नाव टोटेम १. स्फोटाच्या जागेपासून ५०० यार्डांच्या आत, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास, ऑस्ट्रेलियन लष्कराचा एक सेंच्युरियन रणगाडा उभा केला. नोंदणी क्रमांक १६९०४१. आत माणसांच्या जागी पुतळे. इंजिन चालू ठेवलेलं.

स्फोट सुमारे १० किलोटनांचा. नंतर लोक गेले तेव्हा गाडी जेमतेम दीड मीटर मागे सरकली होती. अँटेना आणि बाहेरची काही सामग्री उडून गेली होती. इंजिन बंद पडलं होतं, पण कारण काय, तर इंधन संपलं होतं! गाडी स्वतःच्या इंजिनावर तिथून हलवली गेली. निष्कर्ष काढला गेला की आत खरी माणसं असती तर धक्क्यानं वाचली नसती, पण रणगाडा पुन्हा वापरता येईल.

आणि तो वापरलाही. हीच गाडी पुढे व्हिएतनामच्या युद्धात गेली. १९६९ मध्ये तिथं तिला रॉकेट लागलं, आतले लोक जखमी झाले, तरी ती लढत राहिली. आज ती ऑस्ट्रेलियात मानानं जपून ठेवलेली आहे. लोक तिला अणु-रणगाडा म्हणतात. ती किती सेंटीमीटर सरकली, कोणतं झाकण उघडलं गेलं, काय तुटलं, सगळं लिहिलेलं आहे. परफेक्ट लॉग.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. स्फोटाचा ढग वाऱ्याबरोबर ईशान्येकडे गेला. तिकडे वालाटिना आणि आसपास राहणाऱ्या आदिवासी लोकांनी नंतर सांगितलं की जमिनीलगत काळं धुकं आलं, माणसं आजारी पडली, उलट्या, पुरळ, डोळ्यांची आग. तेव्हा लहान असलेले यामी लेस्टर यांची दृष्टी पुढे गेली. त्यांनी आयुष्यभर हा विषय लावून धरला. अखेर ऑस्ट्रेलियात शाही चौकशी आयोग बसला आणि १९८५ च्या अहवालात त्यानं म्हटलं की वाऱ्याची तशी स्थिती असताना टोटेम १ करायलाच नको होतं.

म्हणजे स्फोटानंतर तीसेक वर्षं. तोवर रणगाड्याचा क्रमांक होता, तपासणीचा अहवाल होता, फोटो होते. त्या माणसांपैकी त्या दिवशी कोण कुठं होतं, कोणाला काय झालं, याची नोंद करायला कोणी गेलंच नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तसाच बसलो.

रेंज म्हणजे आधी कोणाचं तरी गाव

कारण रेंज काही आकाशातून पडत नाही. तिथं आधी कोणीतरी असतं.

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर, बोव्हिंग्टनच्या म्युझियमपासून जवळच, लुलवर्थची रेंज आहे. तिच्या हद्दीत टाइनहॅम नावाचं गाव. डिसेंबर १९४३ मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, तिथल्या सव्वादोनशे लोकांना घर सोडायला सांगितलं. युद्ध संपलं की परत येऊ, असं समजून लोक गेले. १९४८ मध्ये सरकारनं जमीन सक्तीनं कायमची ताब्यात घेतली. परत कोणी राहायला आलं नाही.

आज बहुतेक शनिवार-रविवारी, फायरिंग बंद असताना, तिथं जाता येतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कुंपण, पलीकडे टार्गेट म्हणून ठेवलेले गंजके रणगाडे, आणि खाली छप्पर नसलेली घरं. नांगर आणि खतं न लागल्यामुळे त्या टेकड्यांवर रानफुलं आणि फुलपाखरं टिकून आहेत. शाळेत आणि चर्चमध्ये गावाची माहिती लावलीय: कोण कुठं राहायचं, मुलं कुठल्या बाकावर बसायची. घरं गेली, निदान नावं राहिली.

आणि कर्कूब्रीच्या त्या कासवाच्या रेंजवर? तिथून १९८२ पासून डिप्लीटेड युरेनियमचे हजारो गोळे सॉल्वे फर्थच्या समुद्राकडे झाडले गेले. अणुइंधन तयार करताना उरणारा हा जड धातू चिलखत भेदायला वापरतात. ते गोळे समुद्रतळाशी आहेत. ते कोण मोजणार, कधी काढणार, हा वाद स्थानिक लोक अजून घालतायत.

आणि आता नगर

नगरला गेलात तर कॅव्हलरी टँक म्युझियम नक्की बघा. १९९४ मध्ये सुरू झालेलं. तिथं पकडलेला पॅटन आहे, जपानी रणगाडे आहेत, आणि एक गाडी अशी आहे की तिच्यासमोरून लोक सेल्फी न काढताच पुढे जातात. मीही गेलो होतो, दोनदा.

ती आहे ग्रँट सीडीएल. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं कडेकोट गुपित. बुरुजातली तोफ काढून तिथं आर्क दिवा बसवला, १ कोटी ३० लाख कँडलपॉवरचा. उभ्या फटीतून प्रकाशाचा झोत सोडायचा, पुढची झडप फडफडवायची, म्हणजे अंधारात समोरच्या शत्रूचे डोळे दिपून जातील. ग्रँटच का? कारण तिची मोठी तोफ खालच्या धडात असते, बुरूज दिव्याला मोकळा मिळतो. गुपित फुटू नये म्हणून नाव दिलं "कालव्याच्या रक्षणाचा दिवा". आणि गुपित इतकं जपलं की वापरायची वेळ क्वचितच आली! आज असे दिव्याचे दोनच रणगाडे जपलेले माहीत आहेत: बोव्हिंग्टनला एक मॅटिल्डा आणि नगरला ही ग्रँट. आपल्या एसटीच्या अंतरावर.

नगरच्याच केंद्रात फामागुस्ता नावाचा सेंच्युरियनही जपलाय. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, याच गाडीत शेवटपर्यंत लढले. परमवीर चक्र मिळालं. त्या गाडीवरच्या प्रत्येक खुणेला अर्थ आहे, कारण त्या दिवशी काय झालं हे लिहिलं गेलं. तशाच बांधणीचा दुसरा एखादा सेंच्युरियन, ज्याच्या नावावर अशी गोष्ट नव्हती, त्याच्या नशिबी भंगार किंवा माळ. पोलाद दोघांचं एकच.

आता माझ्या मामाच्या ओट्यावर या. २०२० च्या सुमारास के. के. रेंजच्या विस्तारासाठी नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली जमीन जाणार अशी चर्चा उठली, तेव्हा गावागावांत बैठका झाल्या, विरोध झाला. मामा फोनवर म्हणाले, "सैन्याला सराव पायजे, ते मला पटतं. माझा पोरगाबी भरतीची तयारी करतोय. पन आमची विहीर कुणाच्या नकाशावर हाये का, तेवढं विचार." मला उत्तर देता आलं नाही.

आणि रेंजचं भंगार. आजोबांचा तो तुकडा तिथूनच कोणीतरी उचलून आणलेला. रेंजवरून धातू गोळा करताना, घरी आणून फोडताना स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्या या भागात येत असतात. तीनशे-चारशे रुपयांच्या पितळेसाठी. कोणी तरी हे ऐकत असेल म्हणून स्पष्ट सांगतो: रेंजमध्ये जाऊ नका, रील काढायला तर मुळीच नाही. न फुटलेला गोळा किती जुना आहे याने त्याला फरक पडत नाही.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मी एक काम सुरू केलंय. मामाच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून फोनवर रेकॉर्ड करतोय. रेंजच्या हद्दीत कोणाचं शेत होतं, कुठं विहीर होती, कुठल्या वर्षी कोणाच्या अंगणात काय येऊन पडलं. तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव. साधी एक्सेल शीट आहे, फार काही नाही. तुमच्या गावाजवळ रेंज असेल, धरण असेल, विमानतळ असेल, तर तुम्हीही करू शकता. दोन तासांचं काम आहे, आणि सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

शेवटी तो तुकडा. दोन वर्षांपूर्वी गोठा पाडून तिथं पत्र्याची शेड घातली. मी सुट्टीत गेलो तेव्हा मामीला विचारलं, "दाराचं ते लोखंड कुठंय?" ती म्हणाली, "भंगारवाल्याला दिलं की. जड होतं, चांगले पैसे आले." माझ्याकडे त्याचा एक फोटोसुद्धा नाही. आजोबाही आता नाहीत. कोणाचा होता तो, हे आता कधीच कळणार नाही.

मामीनं त्या पैशांतून नवीन दाराला कडी-कोयंडा घेतला. शेडचं दार मात्र वाऱ्यानं अजून आपटतं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात चौकात एखादा रणगाडा उभा असेल, तर त्याच्यावरचा क्रमांक टिपून, फोटो काढून मला पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या एकाचा माग काढू. भेटूया.